बंदोबस्त कोणाच्या जिवावर?

साथीच्या दिवसांत सरकारने घातलेल्या निर्बंधांविषयी बोलणे निघाले की आपल्या भिवंडीच्या पेठेत दोनच पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, सरकारने धंदा बुडविला. दुसरा म्हणतो, लोकच बेशिस्त, तेथे सरकार तरी काय करणार? पहिल्या पक्षात मागवाले, सायझिंगवाले, गोदामवाले व दुकानदार. दुसऱ्यात अधिकारी, डॉक्टर व त्यांचे कैवारी. सन २०२० ची टाळेबंदी उठून वर्षे लोटली, तरी हा वाद होता तेथेच आहे. परंतु दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे, ती ही की दोहोंकडे बोलणारे पुरुषच आहेत. ज्या घरांत ते निर्बंध प्रत्यक्ष पाळले गेले, त्या घरांची कारभारीण या वादात साक्षीदार म्हणूनदेखील बोलावली गेली नाही. मुख्य साक्षीदार वगळून चाललेल्या खटल्याचा निकाल अपिलात टिकत नाही, हे व्यवहारी माणसांस सांगावयास नको. मग एवढ्या मोठ्या लोकव्यवहाराचा निकाल तिच्या गैरहजेरीत लावून टाकणे शहाणपणाचे कसे म्हणावे?

स्त्रिया व पुरुष यांचे निर्बंधांविषयीचे मत एकच असते, असे मानण्यास आधार नाही. सन २०२० च्या मार्च व एप्रिल महिन्यांत ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, इटली, न्यूझीलंड, ब्रिटन व अमेरिका या आठ देशांतील एकवीस हजारांहून अधिक माणसांस प्रश्न विचारून काही विद्वानांनी एक पाहणी केली व ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. मार्चमध्ये हे संकट अत्यंत गंभीर आहे असे म्हणणाऱ्या स्त्रिया शेकडा ५९ निघाल्या, पुरुष शेकडा ४८.७. सरकारचे कडक निर्बंध मान्य असलेल्या स्त्रिया शेकडा ५४.१, पुरुष शेकडा ४७.७. नियम पाळण्याचे प्रमाण स्त्रियांत शेकडा ८८.१, पुरुषांत ८३.२. एप्रिलमध्ये दोघांचाही उत्साह ओसरला, पण अंतर राहिलेच. जे निर्बंधांस अधिक नाखूश, त्याच पुरुषवर्गातून या रोगाने अधिक बळी घेतले, हेही येथे लक्षात ठेवावे.

हे आकडे ऐकून आमचे काही मित्र म्हणतील की, यात नवल ते काय? स्त्रीजात स्वभावतःच भित्री. घरात बसावयास सांगितले तर तिला ते सोयीचेच. या समजुतीस त्याच पाहणीत परस्पर उत्तर मिळाले आहे. जी जोडपी एका घरात राहतात त्यांच्यात नवरा-बायकोच्या मतांतील अंतर कमी आढळले. ज्यांनी हा रोग जवळून पाहिला त्यांच्यातही ते कमी आढळले. फरक स्वभावाचा असता तर तो लग्नाने किंवा अनुभवाने का घटावा? अर्थ उघड आहे. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसते, घरातील म्हाताऱ्यांची व मुलांची काळजी कोणाच्या शिरावर आहे, यावरून माणसाचे मत ठरते. ज्याच्या नजरेस दुखणे पडते तो सावध होतो. आणि दुखणे बहुधा स्त्रीच्याच नजरेस आधी पडते. याला भित्रेपणा म्हणणाऱ्याने एकदा रात्रभर तापाचे माणूस सांभाळून पाहावे.

आता परक्या आठ देशांचे माप भिवंडीस जसेच्या तसे लावावे, असे आमचे म्हणणे नाही. आमच्याकडील स्त्रीचे मत कोठे व कसे हरवले हे पाहावयाचे तर आमच्याच इतिहासाकडे वळले पाहिजे. ज्या कायद्याच्या बळावर मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात निर्बंध घालण्यात आले तो साथरोग कायदा परक्या सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ पासून लागू केला होता. मुंबईस सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघडकीस आला, त्या घबराटीत हा मूळचा चार कलमांचा कायदा घाईने मंजूर झाला. सरकारने वाटेल तो नियम करावा. जो मोडील त्यास शिक्षा. आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही, एवढाच त्याचा सारांश. ज्यांच्या घरात शिरावयाचे त्यांच्या हक्कांविषयी त्यात अवाक्षर नव्हते.

त्याचे फळ पुण्याने भोगले. मार्च १८९७ पासून रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. देवघर, माजघर, स्वयंपाकघर काही वर्ज्य राहिले नाही. स्त्रियांस परपुरुषांकडून तपासून घ्यावे लागते ही तक्रार सर्वतोमुखी झाली. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आणि पुढे काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. परक्या सत्तेच्या त्या मग्रुरीविषयी आमच्या मनात आजही क्षमा नाही. परंतु आज आम्हांस निराळीच गोष्ट पाहावयाची आहे. स्त्रियांच्या विटंबनेचा प्रश्न त्या वेळी सर्वांनी काढला. स्त्रीला मात्र कोणी बोलू दिले नाही. नामदार गोखले यांनी विलायतेत अत्याचाराची गोष्ट सांगितली. परत आल्यावर ज्यांनी ती कळविली होती ते साक्षीस पुढे येईनात, आणि पुराव्याअभावी गोखल्यांस जाहीर माफी मागावी लागली. पीडितेने स्वतःच्या तोंडाने तक्रार मांडावी अशी जागाच नव्हती, म्हणून खऱ्याखोट्याचा निवाडा कायमचा राहून गेला. स्वतःच्या नावाने बोलल्या त्या पंडिता रमाबाई. त्यांनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात पुण्याच्या प्लेग-इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी उघड तक्रार केली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ती मानली नाही. आणि त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने निवर्तल्या. रोगाशी लढले पाहिजे याविषयी या दोघींच्या मनात संशय नव्हता. एकीने आपला प्राण वेचला. दुसरीने लढण्याची रीत माणुसकीची असावी एवढेच मागितले.

भिवंडीस अधिक जवळचे उदाहरण मुंबईच्या मदनपुऱ्याचे आहे. ९ मार्च १८९८ रोजी तेथील मोमीन विणकरांच्या वस्तीत प्लेगची तपासणी करणारी मंडळी एका आजारी मुलीस तपासून नेण्यासाठी गेली. घरच्यांनी अडविले, मोहल्ला धावून आला, आणि त्यातून दंगल पेटून ती शहरभर पसरली. ज्या विणकर समाजाने उत्तर हिंदुस्थानातून येऊन मुंबई, मालेगाव व भिवंडी येथे हातमाग मांडले, त्याच समाजाची ही कहाणी. विणकरांचा संताप निराधार नव्हता. त्या दंगलीनंतर सरकारलाही आपली सक्ती सैल करावी लागली. परंतु त्या सर्व धुमाळीत त्या मुलीस काय हवे होते, तिला औषध मिळाले काय, तिच्या आईचे म्हणणे काय होते, हे कोणी विचारल्याचे इतिहास सांगत नाही. सरकारला ती तपासावयाची वस्तू दिसली, मोहल्ल्याला राखावयाची अब्रू दिसली. ती आजारी पोर आहे हे दोघेही विसरले.

आता सन २०२० च्या भिवंडीकडे या. २५ मार्चपासून देश बंद झाला आणि लाखो मागांचा खडखडाट एका रात्रीत थांबला. कारागिराची मजुरी कापडाच्या मापावर; माग बंद तर मजुरी बंद. मेच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे श्रमिकांची गाडी सुटली. तत्पूर्वीच कित्येक जण पायी नाशिकच्या वाटेला लागले होते. जून महिन्यात रोग वाढताच महानगरपालिकेने १८ तारखेपासून पंधरा दिवस शहर पुन्हा बंद केले. या स्थितीत पुरुषांनी निर्बंधांस विरोध केला तो सर्वस्वी उनाडपणाने केला असे म्हणणारा मनुष्य भिवंडी ओळखीत नाही. ज्याच्या हाताला काम नाही व खिशात दाम नाही, त्याला घरी बसण्याचा उपदेश कडू लागणारच. त्यांची तक्रार खरी होती, आणि ती ऐकली गेली नाही ही सरकारची चूकच होती.

पण त्याच खोलीत दुसरी एक व्यक्ती होती. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-आठ माणसे चोवीस तास कोंडली गेली, तेव्हा तिच्या कामास सुट्टी नव्हती. उलट ते दुप्पट झाले. सन २०१९ मध्ये सरकारनेच केलेल्या वेळेच्या मोजणीत असे दिसले होते की, घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते, आणि घरकाम करणारा पुरुष ९७. हा झाला सुकाळातील हिशेब. टाळेबंदीत त्यात आजाऱ्याची खोली वेगळी राखणे, नळाला पाणी येईल तेव्हा सर्वांस पुरेल एवढे भरणे, एका फोनवर तीन मुलांची शाळा चालविणे, आणि शिल्लक पिठात दिवस ढकलणे, एवढ्यांची भर पडली. कांड्या भरणाऱ्या, घरी बसून धागे कापणाऱ्या, गोदामांत माल बांधणाऱ्या बायांचे स्वतःचे उत्पन्न गेले ते निराळेच. कारागिरांस महिन्याच्या बोलीने जेवू घालणाऱ्या बिशीवाल्या बाईची उधारी तर उत्तरेकडे गेलेल्या गाडीतच गेली. केंद्र सरकारने एप्रिल ते जून अशा तीन महिन्यांत स्त्रियांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये घातले. आम्ही त्याचा उपहास करीत नाही, पण एवढ्या रकमेत भिवंडीतील कुटुंबाचे किती दिवस निघतात हे वाण्याच्या दुकानावर बसणारास सांगावे लागत नाही.

याहूनही नाजूक गोष्ट म्हणजे, ज्या घरात हात उगारला जातो त्या घरातच राहण्याची सक्ती. राष्ट्रीय महिला आयोगास एप्रिल २०२० मध्ये तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा निराळा क्रमांक जाहीर करावा लागला. मारणारा चार हातांवर बसलेला असता बाईने फोनवर मोठ्याने बोलावे तरी कसे? आणि त्याच सुमारास, ४ मे रोजी राज्यात दारूची दुकाने उघडण्याची मुभा मिळाली; पहिल्याच दिवशी एवढी झुंबड उडाली की मुंबईत दोन दिवसांत ती पुन्हा बंद करावी लागली. मंदिर बंद, मशीद बंद, शाळा बंद, आणि दारूचे दुकान उघडे, हा क्रम एखाद्या गृहिणीस विचारून ठरविला असता काय?

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘स्त्रिया निर्बंधांच्या बाजूच्या आणि पुरुष विरुद्ध’ हे सोपे सूत्र अपुरे आहे. कोणता निर्बंध, हे विचारल्यावाचून उत्तर मिळत नाही. गर्दीवर बंदी, लग्नातील वऱ्हाडावर बंदी, गुत्त्यावर बंदी यांस ती मनापासून अनुकूल असेल. पण भाजीचा बाजार अचानक बंद, अंगणवाडी बंद, धुण्याभांड्याच्या कामावर जाण्यास सोसायटीचा दरवाजा बंद, यांस अनुकूल राहील कशी? इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय कोरोनासाठी राखले गेले तेव्हा बाळंतपणास कोठे जावे हा प्रश्न प्रथम कोणास पडला असेल? मुंबईच्या लोकल गाड्यांतून स्त्रियांस प्रवासाची परवानगी २१ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली, ती सकाळी ११ ते दुपारी ३ आणि सायंकाळी ७ नंतर. येथून कल्याण-ठाण्यास जाऊन गाडी धरणारी व नऊ वाजता कामावर हजर होणारी बाई त्या सवलतीचे काय करणार होती? हुकूम काढणाराने सवलत दिली, पण जिला दिली तिचा दिनक्रम विचारला नाही. संमती गृहीत धरली की अशा चुका होतातच.

याच्या उलट, विचारपूर्वक केलेले काम कसे फळते याचाही दाखला त्याच वर्षाने दिला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर निघाली व घरोघर तपासणी झाली. विचार करा, १८९७ मध्येही घरोघर तपासणीच होती! कायदाही तोच. परंतु तेव्हा उंबरठ्यावर परका सोजीर बूट वाजवीत उभा होता. या वेळी बहुतेक उंबरठ्यांवर आशाताई उभी होती, जी याच वस्तीतली, याच भाषेत बोलणारी, मुलांच्या लसीपासून बाळंतपणापर्यंत ओळखीची. ताप व प्राणवायू मोजून ती पुढच्या घरी जाई. दार उघडणारी स्त्री, तपासणारी स्त्री; ज्या कामासाठी पूर्वी दंगली पेटल्या ते काम बोलण्याबोलण्यात उरकले. राज्यकारभारास याहून स्वस्त व याहून मोलाचा धडा कोणता हवा?

आणि त्या आशाताईस आम्ही काय दिले? सरकारच्या लेखी ती नोकर नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, मानधन आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांस संप करावा लागला, तेव्हा कोठे त्यात थोडी वाढ झाली. पुढे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिंदुस्थानातील आशांचा गौरव केला. गौरव झाला हे उत्तम. परंतु गौरवाने चूल पेटत नाही.

आमच्याविरुद्ध दोन आक्षेप येतील. पहिला हा की, घराला आग लागली असता सभा भरवून मते घ्यावयाची काय? यास उत्तर असे की, आग लागण्यापूर्वी पाणी कोठे आहे हे विचारून ठेवणे यालाच बंदोबस्त म्हणतात, आणि पाणी कोठे आहे हे घरात तिलाच ठाऊक असते. दुसरा आक्षेप असा की, कुटुंबाचे मत कर्ता पुरुष सांगतो, मग निराळे विचारावे कशाला? येथे आम्ही कायद्याकडेच बोट दाखवितो. सन २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमाने शिधापत्रिकेपुरती घरातील वडील स्त्री हीच कुटुंबप्रमुख ठरविली आहे. धान्य वाटताना जी प्रमुख, ती निर्बंध घालताना परकी कशी? सन २०११ पासून महाराष्ट्रातील नगरपालिका व महानगरपालिकांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या जागा सहीपुरत्या आहेत की सल्ल्यासाठी आहेत, हे अशाच वेळी कळून येते.

साथरोग कायद्यात सन २०२० मध्ये एक दुरुस्ती झाली. आरोग्य-सेवकांवर हल्ला करणारास कडक शिक्षा ठरली. ती योग्यच होती. परंतु निर्बंधाखाली राहणाऱ्या माणसाचा हक्क त्यात तेव्हाही आला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधि आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा आहे, त्यात पुरत्या सुधारणा कराव्यात किंवा नवा कायदा करावा, असा अभिप्राय दिला. स्वराज्यातील कायदा परक्या राज्याच्या साच्यातून बाहेर काढावयाचा असेल तर त्यात पुढील गोष्टी याव्यात, अशी आमची मागणी आहे.

पहिली : प्रत्येक प्रभागात एक समिती असावी व तिच्यात निदान अर्ध्या स्त्रिया असाव्यात, नगरसेविकांबरोबर आशा, शिक्षिका, बिशी चालविणारी व घरकाम करणारी यांसही तेथे जागा हवी. हुकूम तातडीचा असल्यास आधी निघो, पण दोन दिवसांत तो या समितीपुढे आला पाहिजे. दुसरी : ज्या कागदावर बंदी लिहिली त्याच कागदावर धान्य, पाणी, औषध व बाळंतपण यांची सोय लिहिलेली असावी, सोय नसेल तर बंदी अपुरी समजावी. तिसरी : घरात शिरून तपासणी करावयाची तर पथकात स्त्री असलीच पाहिजे, आणि स्त्रीला आपली तक्रार स्वतःच्या नावाने व निर्भयपणे मांडता यावी. चौथी : मारहाणीमुळे घराबाहेर पडलेली स्त्री निर्बंध मोडणारी समजू नये, तिला आसरा देणे हे सरकारचे कर्तव्य ठरावे. पाचवी : आशांस नियमित वेतन द्यावे. राष्ट्राचे रक्षण करणारास कोणी मानधनावर ठेवीत नाही.

सरकारला एवढे सांगितल्यावर आपल्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. कारखाने बंद झाले तेव्हा काही मालकांनी कारागिरांस उचल दिली व शिधा पोचविला. पुष्कळांनी फोन उचलणेही बंद केले. कारागिराच्या अडचणीच्या काळासाठी प्रत्येक कारखान्याने चांगल्या दिवसांतच थोडी रक्कम बाजूस टाकावी, आणि ती देताना घरच्या बाईच्या हाती पडेल अशी तजवीज करावी. बिशीवाल्यांची थकबाकी ही आपल्याच कामगारांच्या पोटाची थकबाकी आहे हे समजावे. मजूर परत येतो तो मागासाठी जितका, तितकाच जेवणासाठी येतो.

साथ पुन्हा येणार नाही असे कोणताही वैद्य सांगणार नाही. ती येईल तेव्हा पुन्हा हुकूम निघतील, पुन्हा धमणकर नाक्यावर पोलिसांची चौकी बसेल, पुन्हा दुकानांच्या फळ्या ओढल्या जातील. परंतु रोग नाक्यावर अडत नाही. तो अडतो घरात, हात धुताना, पाणी उकळताना, आजाऱ्यास निराळे ठेवताना. तेथील अंमलदार वर्दीत नसते, तिला भत्ता मिळत नाही, आणि आजवर तिचा सल्लाही कोणी घेतलेला नाही. ती निर्बंध पाळते याचा अर्थ तिला ते सारे मान्य आहेत असा करून घेणे म्हणजे मौनास संमती समजणे होय. आणि कायद्याच्या कोणत्याही अभ्यासकास हे ठाऊक आहे की, ज्याला बोलण्याची संधीच दिली नाही त्याच्या मौनातून संमती निष्पन्न होत नाही. पुढचा हुकूम छापखान्यात जाण्यापूर्वी भिवंडीच्या नगरसेवकांनी, अधिकाऱ्यांनी व शेटजींनी निदान आपापल्या घरी तो एकदा वाचून दाखवावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, एवढेच आमचे आज मागणे आहे.